योजनेच्या पैशांची नोटीस आली, चौकशी लागली, पोलिसांनी बोलावलं: कुठे काय चालतं आणि आपण काय करायचं

सरकारी योजनेचे पैसे अपात्र माणसाच्या खात्यात गेले म्हणून लगेच दारात पोलिसांची गाडी येत नाही. आधी यादी निघते, मग पडताळणी होते, मग पैसे थांबतात, मग नोटीस, मग वसुली, आणि त्यातली थोडीच प्रकरणं पोलीस ठाण्यापर्यंत जातात. पण लोकांना हा क्रम माहीत नसतो, त्यामुळे पहिल्याच नोटिशीला घाबरून काहीतरी लिहून देतात, नाहीतर नोटीस कपाटात टाकून गप्प बसतात, आणि दोन्हीकडून नुकसान त्यांचंच होतं. लाडकी बहीण, पीएम किसान, संजय गांधी निराधार, अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, रेशन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच रस्ता आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी तालुक्याच्या कोर्टात काम करते, असे कागद रोज बघते.

अपात्र असणं वेगळं, फसवणूक वेगळी

हे आधी डोक्यात पक्कं करा, बाकी सगळं यावरच उभं आहे. योजनेच्या अटीत तुम्ही बसत नसाल तर तुम्ही अपात्र. त्याचा परिणाम म्हणजे लाभ बंद, फार तर पैसे परत मागणं. फसवणुकीचा गुन्हा व्हायला त्याच्या पुढचं काहीतरी लागतं, म्हणजे अर्ज करताना माहीत असून खोटं सांगितलं, खोटा कागद लावला, दुसऱ्याच्या नावाने अर्ज केला, आणि हे सगळं पैसे लाटायच्या हेतूने केलं. सुप्रीम कोर्टाने कित्येक निकालांत सांगितलंय की फसवायचा हेतू सुरुवातीपासून असायला हवा, नंतर काहीतरी बिनसलं म्हणून फसवणूक होत नाही.

आता हे लाडकी बहीणवर लावून बघा. योजना जुलै २०२४ पासून, महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात कुणी इन्कम टॅक्स भरणारं नको, सरकारी नोकरीत नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. पण पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागितलाच नव्हता. म्हणजे ज्या ताईने केशरी कार्ड लावून अर्ज केला आणि नंतर उत्पन्न जास्त निघालं, तिने उत्पन्नाचा खोटा दाखला दिला असं कुणी म्हणू शकत नाही, कारण दाखला दिलेलाच नाही. तिच्या बाबतीत बघायचं ते हमीपत्र. त्या एका पानावर टिकमार्क करून आपण सगळं कबूल केलेलं असतं, उत्पन्न, टॅक्स, नोकरी, गाडी सगळं, आणि चौकशी करणाऱ्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा कागद. नवऱ्याने गाडी अर्जाच्या आधी घेतली की नंतर, दीर त्याच रेशनकार्डावर आहे की वेगळा, हमीपत्रावर सही कुणाची आहे, असल्या बारीक गोष्टींवर माणूस अपात्र राहतो की आरोपी होतो ते ठरतं.

सरकारी खात्याला कळतं कसं

बहुतेक वेळा कुणाच्या तक्रारीवरून नाही, डेटा जुळवून. आधार नंबर एकच असल्यामुळे एका योजनेची यादी दुसऱ्या यादीशी ताडून बघता येते, पगाराची यादी, परिवहन विभागाची वाहनांची यादी, इन्कम टॅक्सची माहिती, पीएम किसानची यादी. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या पडताळणीत २,२८९ सरकारी कर्मचारी महिला सापडल्याचं मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, आणि त्यानंतर जून २०२५ पासून २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ थांबवला. त्यात कुणी दोन योजना घेत होतं, कुठे एका घरात ठरल्यापेक्षा जास्त महिला होत्या, आणि १४ हजारांवर नावं पुरुषांची होती. चारचाकीची खात्री करायला अंगणवाडी सेविकांना घरोघर पाठवलं होतं, पुढे ई-केवायसी सगळ्यांना सक्तीची केली.

यादीत नाव आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं अजिबात नाही. डेटा चुकतो. गाडी विकली पण नाव बदललं नाही, सून विभक्त झाली पण रेशनकार्ड एकच, टॅक्स शून्य पण लोनसाठी रिटर्न भरलेलं, अशी कितीतरी माणसं यादीत अडकतात. म्हणूनच यादीनंतर प्रत्यक्ष पडताळणी ठेवलेली असते, आणि तिथेच सेविका, तलाठी किंवा ग्रामसेवक घरी आले की कागद दाखवून लेखी नोंद करून घ्यायची. नुसतं "सांगितलंय त्यांना" यावर राहू नका.

नोटीस आली की

नोटीस कुणी काढली, तारीख कोणती, जावक क्रमांक आहे का, कुठल्या योजनेची, किती हप्त्यांची किती रक्कम, अपात्रतेचं कारण काय, उत्तराची मुदत किती, हे आधी शांतपणे वाचायचं. जावक नंबर नसलेला, सही-शिक्क्याशिवायचा, मोबाईलवर आलेला आणि "या नंबरवर पैसे टाका" म्हणणारा कागद नोटीस नसतो, ती फसवणूक असते, आणि योजनांच्या बातम्या आल्या की असले मेसेज फिरतात.

नोटीस घेताना पोच मागतात तेव्हा तारखेसह सही करायची. घ्यायला नकार द्यायचा नाही, दारावर चिकटवून पंचनामा करतात आणि नंतर फाइलमध्ये तुमच्याबद्दल "नोटीस स्वीकारली नाही" एवढंच राहतं.

मग उत्तर. लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. तहसीलच्या बाहेर बसलेला कुणीतरी लिहून देतो, "माझ्याकडून चूक झाली, मी खोटी माहिती दिली, मला माफ करावे", आणि काकू खाली अंगठा देऊन येतात. माफी मागितली की प्रकरण मिटतं असं त्यांना वाटतं, पण हाच कागद उद्या एफआयआरला जोडला जातो. उत्तरात घडलेलं लिहा, जे घडलं नाही ते कबूल करू नका. अर्ज कोणत्या तारखेला, कुठे, कुणी भरला, मी कोणते कागद दिले, मला काय विचारलं, काय विचारलं नाही, गाडी कधी घेतली त्याची आरसी, विभक्त असल्याचा पुरावा, पासबुक, एवढंच मुद्द्याला धरून. खरंच अपात्र असाल तर तेही सरळ लिहा, की ही अट मला त्यावेळी माहीत नव्हती किंवा परिस्थिती नंतर बदलली, आणि पैसे परत करायची तयारी आहे. पण ते खरं असेल तरच. खोटा बचाव पकडला गेला की हेतू सुरुवातीपासूनच होता असं म्हणायला तिथे आधार मिळतो.

आणि उत्तरासोबत, किंवा उत्तराच्याही आधी, एक गोष्ट मागायचीच मागायची: तुमच्या नावाने भरलेल्या अर्जाची, हमीपत्राची आणि अपलोड झालेल्या कागदांची प्रत. कुणाच्या लॉगिनवरून अर्ज भरला गेला तेही विचारा. लाडकी बहीणचे अर्ज अंगणवाडी सेविका, सेतू, ग्रामपंचायत, वॉर्ड ऑफिस, स्वतःचा मोबाईल, अशा बऱ्याच वाटांनी गेले आणि प्रत्येक अर्जामागे कुठलं लॉगिन होतं ते सिस्टीममध्ये असतं. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांची फी, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. नोटिशीची मुदत त्याआधी संपत असेल तर "प्रती मिळाल्यावर सविस्तर उत्तर देईन, मुदत वाढवून द्यावी" असा अर्ज लगेच देऊन पोच घ्यायची. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

पैसे परत भरायचे का

अपात्रता खरी असेल तर भरा, आणि लवकर भरा. मात्र कुणाच्या हातात रोख देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा क्लार्क असो. पीएम किसानच्या पोर्टलवर रक्कम ऑनलाइन परत करायची सोय आहे. राज्याच्या योजनांसाठी तहसील किंवा संबंधित खातं जे चलन, जे लेखाशीर्ष (सरकारी जमेचा खातेक्रमांक) सांगेल त्यावरच भरायचं आणि चलनाची प्रत नोटिशीच्या उत्तराला जोडायची. रक्कम किंवा कारण मान्य नसेल पण वाद वाढवायचा नसेल तर "हक्क अबाधित ठेवून भरत आहे" असं लिहून भरता येतं.

पैसे भरले म्हणजे गुन्हा पुसला जातो का, तर नाही. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. पण फसवायचा हेतू होता का हे बघताना, जामीन देताना, आणि मुळात खात्याने पोलिसात जायचं की नाही हे ठरवताना त्याचा खूप उपयोग होतो. दहा-पंधरा हजारांची रक्कम नोटिशीच्या मुदतीत परत आली आणि कागद कुठलाच बनावट नाही, अशा प्रकरणात गुन्हा दाखल करायला शक्यतो कुणी अधिकारी जात नाही.

भरले नाहीत तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची भाषा नोटिशीत येते, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ खाली मागणीची नोटीस, जप्ती, सातबाऱ्यावर बोजा. पीएम किसानच्या वसुलीत बोजाच्या धाकानेच बऱ्याच जणांनी पैसे भरले. ही कारवाई सुरू झाली असेल आणि तुम्हाला ती चुकीची वाटत असेल तर तहसीलदारांच्या आदेशावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवसांची, ती घालवू नका.

लाडकी बहीणबद्दल एक सांगायला हवं. ज्या महिला नुसत्या निकषात बसत नाहीत म्हणून बाद झाल्या त्यांच्याकडून आधी दिलेले पैसे परत घेणार नाही असं सरकारने २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं होतं. महिलांच्या नावावर पैसे घेणारे पुरुष आणि सरकारी कर्मचारी यांचं तसं नाही, तिथे वसुली आणि कारवाई दोन्हीची भाषा आहे. त्यामुळे गावात कुणी "ताई, पैसे भरा नाहीतर केस होईल, माझ्याकडे द्या मी मिटवतो" म्हणत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका.

फाइल पोलिसात कधी जाते

तीन खुणा सांगते. बनावट कागद, एकाच माणसाने बऱ्याच नावांवर केलेलं काम, आणि आतल्या कर्मचाऱ्याचा हात. यातलं एक जरी असलं तरी खातं नोटीस-वसुलीवर थांबत नाही, थांबूही नये.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये नवी मुंबईतल्या एका महिलेचा लाडकी बहीणचा अर्ज भरलाच जाईना, तिचा आधार नंबर आधीच वापरलेला दिसत होता. धागा निघाला सातारा जिल्ह्यात. एका माणसाने वेगवेगळ्या महिलांचे आधार नंबर आणि आपल्या बायकोचे वेगवेगळे फोटो वापरून तीसेक अर्ज भरले होते, नवराबायको दोघांना अटक झाली. हे उघडकीला आलं ते त्या एका महिलेने अर्ज अडल्यावर गप्प न बसता तक्रार केली म्हणून.

दुसरं मोठं उदाहरण जालन्याचं. अंबड आणि घनसावंगी तालुक्यात अतिवृष्टीच्या अनुदानात जमीन नसलेल्यांची नावं घुसवली, काहींना दोनदा पैसे, तहसीलदारांचं लॉगिन दुसऱ्यांनीच वापरलेलं, आणि रक्कम २५ कोटींच्या आसपास. तिथे सगळा क्रम बघायला मिळतो: तक्रारी, जिल्हाधिकाऱ्यांची चौकशी समिती, तलाठ्यांना नोटिसा, थोडी वसुली, निलंबन, आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे. खात्याची आपली चौकशी आधी आणि पोलीस नंतर, हे बहुतेक ठिकाणी असंच होतं, कारण कुठली नोंद खोटी, किती रक्कम, कुणाच्या सहीने, हे खात्यानेच तक्ता करून दिल्याशिवाय ठाणेदाराला एफआयआर लिहिता येत नाही. तोट्याची बाजू अशी की या महिन्यांत ज्यांना कागद गायब करायचे असतात त्यांना भरपूर वेळ मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की चौकशी समिती नेमली त्याच दिवशी लॉग, म्हणजे सिस्टीममधल्या लॉगिनच्या नोंदी, आणि मूळ कागद सील व्हायला हवेत.

तमिळनाडूत २०२० मध्ये पीएम किसानमध्ये साडेपाच लाखांच्या आसपास बोगस नावं निघाली, ११० कोटींची रक्कम होती, तपास तिथल्या पोलिसांच्या सीबी-सीआयडी या गुन्हे शाखेकडे गेला. पकडले गेले ते एजंट, कॉम्प्युटर सेंटरवाले, कृषी खात्यातले कंत्राटी कर्मचारी. ज्यांच्या खात्यात पैसे पडले त्यातल्या बऱ्याच जणांना आपण शेतकरी म्हणून नोंदवले गेलोय हेच माहीत नव्हतं, त्यांच्याकडून रक्कम बँक खात्यातून परत घेतली गेली. मला हा मार्ग योग्य वाटतो, पैसे सगळ्यांकडून घ्या पण गुन्हा ज्याने जाळं विणलं त्याच्यावर. आपल्याकडे एक रुपयातल्या पीकविम्यात सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमे उतरवल्याचं निघालं तेव्हाही असे अर्ज भरणाऱ्या सीएससी (सामायिक सुविधा) केंद्रवाल्यांवर गुन्हे झाले, ते बरोबरच झालं.

कलमं, कामापुरती

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. लाडकी बहीणचे अर्जही त्याच दिवसापासून सुरू झाले, त्यामुळे तिचे सगळे गुन्हे नव्या कायद्यात. त्याआधीच्या काळातला पीएम किसान किंवा निराधारचा प्रकार असेल तर जुनं भादंवि (भारतीय दंड विधान), म्हणजे ४२०, ४६७, ४६८, ४७१ हे ओळखीचे आकडे. नव्यात फसवणूक ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक ३१९(२), पाच वर्षांपर्यंत. फसवणुकीसाठी बनावट कागद ३३६(३), सात वर्षांपर्यंत. मौल्यवान दस्तऐवजाची, म्हणजे ज्यातून पैशांचा किंवा मालमत्तेचा हक्क मिळतो अशा कागदाची बनावटगिरी ३३८, ही जन्मठेपेपर्यंत जाते. बनावट कागद खरा म्हणून वापरला तर ३४०(२). सरकारी कर्मचाऱ्याने हाताखालच्या पैशांचा अपहार केला तर ३१६(५). ऑनलाइन दुसऱ्याची ओळख वापरली तर आयटी कायद्याचं ६६सी आणि ६६डी सोबत येतात.

एफआयआरमध्ये ३३८ आहे का हे आधी बघा. नुसतं ३१८(४) असेल तर अटकेला बरेच अडथळे आहेत, ३३८ लागलं की चित्र बदलतं. तुम्ही कुठलाच कागद बनवलेला किंवा वापरलेला नसताना ते लावलं असेल तर वकिलाला पहिला मुद्दा तोच सांगा.

सरकारी नोकराला खोटी माहिती दिली एवढाच प्रकार असेल तर ती कलमं वेगळी आहेत, २१२ आणि २१७, शिक्षा कमी, आणि त्यात कोर्ट दखल घेतं ते त्या अधिकाऱ्याने स्वतः लेखी तक्रार कोर्टात दिली तरच. दिव्यांगांसाठीचा लाभ खोटेपणाने घेतला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खोट्या जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, त्यात मिळालेला लाभ परत घ्यायचीही तरतूद आहे.

पोलिसांनी बोलावलं तर

फोनवर बोलावलं तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३५(३) ची नोटीस असेल तर तिचा अर्थ असा की सध्या अटक करायची गरज वाटत नाही, हजर राहून सहकार्य करा. २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करायची नाही, कारणं लिहावी लागतात. पण हे संरक्षण हजर राहणाऱ्याला आहे. नोटीस मिळून गेला नाहीत तर अटकेचं कारण तुम्हीच दिलं. जाताना नोटीस, ओळखपत्र आणि कागदांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद दिले तर जप्ती पंचनाम्याची प्रत घ्या.

नुसतं साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर बाईला, साठीच्या वरच्या माणसाला, दिव्यांग किंवा फार आजारी माणसाला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा असतो. तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तसं आहे, आणि पोलिसांसमोरची गुन्ह्याची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. तरी काय बोलतोय याचं भान ठेवा, माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी महिलेला अटक करता येत नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

एफआयआरची प्रत पोलिसांच्या वेबसाइटवर मिळते, संवेदनशील गुन्हे सोडून २४ तासांत टाकायचा नियम आहे. अटकेची धास्ती खरी असेल तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सेशन कोर्टात जाता येतं. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. दर वेळी सांगते, तरी लोक व्याजाने पैसे काढून मग येतात, जीव तुटतो.

तुमच्या नावावर दुसऱ्यानेच पैसे खाल्ले असतील तर

पैसे आधार नंबरवर पडतात तेव्हा ते ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जातात. म्हणून आधी आधारच्या वेबसाइटवर कुठली बँक जोडलेली आहे ते बघा, मग आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची हिस्ट्री बघून प्रिंट काढा, ती थोड्याच महिन्यांची मिळते म्हणून उशीर नको. बायोमेट्रिक लॉक करा. नंतर तहसीलदार किंवा महिला व बालविकास कार्यालयात लेखी तक्रार, आणि तिची पोच जोडून पोलिसात. पैसे अलीकडेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

ठाण्यात "हे खात्याचं काम, तहसीलला जा" आणि तहसीलमध्ये "पोलिसात जा" असं होतंच. २०१३ च्या ललिता कुमारी निकालाप्रमाणे दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची आणि तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) आणि १७५(३). ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा. तपास कुठपर्यंत आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायचं पोलिसांवर बंधन आहे, नाही कळवलं तर त्या कलमाचा, १९३(३) चा, उल्लेख करून पत्र द्या.

ज्यांच्या लॉगिनवरून काम चालतं त्यांच्यासाठी

अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, तलाठी, ऑपरेटर, तुम्ही मधोमध अडकता. वरून टार्गेट, खालून गर्दी, म्हणून पासवर्ड कागदावर लिहून टेबलावर चिकटवलेला असतो आणि ओटीपी ओरडून सांगितला जातो. उद्या तपासात पहिला प्रश्न येतो की लॉगिन कुणाचं, आणि उत्तर तुमचं नाव असतं. पासवर्ड द्यायचा नाही, साहेबांनी तोंडी सांगितलं तर मेल किंवा लेखी मागायचं, निदान आपण त्यांना मेसेज करून "आपल्या सांगण्यावरून अमुक केलं" एवढी नोंद ठेवायची. गैरवापराचा संशय आला त्याच दिवशी लेखी कळवा. विभागीय चौकशी आणि फौजदारी केस दोन्ही एकदम चालू शकतात आणि एकात सुटलात म्हणून दुसरी आपोआप संपत नाही. सरकारी कामातल्या कृत्याबद्दल खटल्याआधी मंजुरी लागते, नव्या कायद्यात त्यावर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात, पण बनावट कागद तयार करणं हे सरकारी काम नाही असं म्हणून कोर्टं त्या आडोशाला सहसा उभं राहू देत नाहीत.

दोषारोपपत्रानंतर

आरोपी अटकेत असेल तर ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र यावं लागतं, नाहीतर जामीन हा हक्क होतो. बाहेर असाल तर तपास कितीही रेंगाळतो. नंतर खटला, आणि तो लांबतो. जळगावच्या घरकुल प्रकरणात तेव्हाच्या महापालिका आयुक्तांच्या तक्रारीवर २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि धुळ्याच्या विशेष कोर्टाचा निकाल आला ऑगस्ट २०१९ मध्ये, माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना शिक्षा. तेरा वर्षं. छोट्या प्रकरणातसुद्धा खात्याचा साक्षीदार बदलून गेलेला, मूळ फाइल सापडत नाही, सर्व्हरच्या प्रिंटला लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, अशी कारणं होतात.

म्हणून तुमच्याकडची फाइल तुम्हीच जपा. नोटीस, उत्तराची पोच, चलन, पासबुकची त्या वर्षाची पानं, माहिती अधिकारातलं उत्तर, सगळं एका पिशवीत, आणि फोटो काढून घरातल्या दोन जणांच्या मोबाईलमध्ये. कोर्टाची तारीख चुकवू नका, आजारी असाल तर वकिलाकरवी अर्ज द्या, कारण न कळवता गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, आणि मग जामिनासाठी नव्याने धावपळ करावी लागते.